गोल खिडकीपाशी

(पाठपरिचय : कपडे धुणे हे प्रत्येक घरातले रोजचे काम आहे. या कामाला किती कष्ट आणि किती वेळ लागतो, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत पाठात लेखिकेने लंडन शहरातील आपल्या बालपणीच्या आठवणी सांगितल्या आहेत. नाणी टाकून चालणारी धुलाईयंत्रे बघताना तिला काय दिसले आणि एका तासाच्या मोकळिकीचे मोल घरातल्या सर्वांना कसे कळले, हे या पाठात वाचायला मिळते.)

लाँड्री हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपण मळलेले कपडे लाँड्रीत देतो आणि दोन-चार दिवसांनी धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घरी आणतो. इंग्लंडमधील 'लाँड्रेट' हे दुकान मात्र निराळे असते. तिथे बहुतेक लोक आपले कपडे स्वतःच धुतात. आपले गाठोडे आपण घेऊन जायचे, कपडे यंत्रात घालायचे, नाणी टाकायची आणि धुणे होईपर्यंत बाकावर बसून राहायचे. अमेरिकेत अशा दुकानाला 'लाँड्रोमॅट' म्हणतात. यंत्र दुकानाचे आणि कपडे आपले, असा हा व्यवहार आहे.

या दुकानांची सुरुवात गरजेतून झाली. १९३४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ या गावी एका माणसाने विजेवर चालणारी चार धुलाईयंत्रे एका दुकानात मांडली आणि ती तासाच्या भाड्याने देण्यास सुरुवात केली. तो काळ मोठ्या मंदीचा होता. स्वतःचे यंत्र विकत घेणे अनेकांना परवडत नव्हते. पण तासाचे भाडे देणे जमत होते. लंडनमध्ये असे पहिले दुकान १९४९ च्या मे महिन्यात उघडले. पुढे शहराच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत अशी दुकाने दिसू लागली.

माझ्या लहानपणीचे कितीतरी शनिवार मी अशा एका दुकानात घालवले आहेत.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. गावातील अनेक माणसे बोटीवर नोकरी करीत. माझे अब्बाही पूर्वी खलाशी होते. पुढे त्यांनी बोटीवरची नोकरी सोडली आणि लंडनच्या पूर्व भागातील एका कारखान्यात काम धरले. १९७२ साली त्यांनी अम्मीला, मला आणि माझ्या धाकट्या भावाला तिकडे बोलावून घेतले. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

आम्ही एका जुन्या घरात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तीन कुटुंबांत मिळून एकच होते. अम्मी न्हाणीघरातल्या टबात कपडे धूत असे. थंडीच्या दिवसांत नळाचे पाणी बर्फासारखे गार असे. पाणी गरम करायचे म्हटले, तर गॅसच्या मीटरमध्ये नाणे टाकावे लागे. धुतलेले कपडे वाळत घालायला ना अंगण, ना गच्ची! खोलीतच दोऱ्या बांधून आम्ही ओल्या चादरी टांगत असू. त्या दोन-दोन दिवस वाळत नसत. भिंतींना ओल येई. भाऊ रात्रभर खोकत राही. अम्मीच्या हातांना भेगा पडल्या होत्या. ती रात्री हातांना खोबरेल तेल चोळी आणि म्हणे, "गावाला विहिरीवर धुणे धुताना ऊन तरी पाठीवर असायचे."

शेवटी खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी अम्मीला लाँड्रेटचा रस्ता दाखवला. त्या वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावरून आल्या होत्या आणि इस्पितळात काम करीत होत्या. दर शनिवारी सकाळी त्या कपड्यांची मोठी पिशवी घेऊन निघत. एका शनिवारी आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो.

दुकानाचे दार उघडताच उबदार हवा अंगावर आली. साबणाचा वास दरवळत होता. दोन्ही बाजूंना यंत्रांच्या रांगा होत्या. प्रत्येक यंत्राला समोरून काचेचे गोल दार होते आणि त्या दारामागे कपडे गरगर फिरत होते. पाण्याचा खळखळाट आणि यंत्रांची घरघर यांमुळे सर्वजण जरा मोठ्याने बोलत होते.

पुढे एकदा अब्बा आमच्याबरोबर आले, तेव्हा ती गोल काच बघून हसले. ते म्हणाले, "ही तर बोटीची खिडकी! फरक इतकाच, बोटीवर पाणी बाहेर असते आणि आपण आत. इथे पाणी आत आणि आपण बाहेर."

त्या दिवसापासून आम्ही भावंडे त्या दाराला 'बोटीची खिडकी' म्हणू लागलो.

यंत्र सुरू करण्याचे काम माझे असे. दहा पेन्सची नाणी खाचेत उभी लावायची आणि पट्टी आत ढकलायची. इंग्लंडमध्ये १९७१ साली दशमान चलनपद्धती लागू झाली होती. पण जुनी दोन शिलिंगची नाणीही अजून चालत होती. त्यांचा आकार दहा पेन्सच्या नाण्याएवढाच होता आणि किंमतही तीच धरली जाई. त्यामुळे यंत्राला जुने-नवे कळत नसे. पट्टी आत गेली, की 'खट्' असा आवाज होई आणि आत पाणी येऊ लागे.

मग मी आणि माझा भाऊ बाकावर बसून गोल खिडकीकडे बघत असू. सुरुवातीला कपडे नुसतेच भिजत. मग ते हळूहळू वर चढत आणि धप्पकन खाली पडत. अब्बांचा कारखान्यातला निळा डगला, अम्मीची हिरवी ओढणी, माझा शाळेचा करडा झगा, भावाचे मोजे, सारे एकामागून एक काचेपाशी येत आणि नाहीसे होत. कोणाचा कपडा आधी दिसतो, याची आम्ही पैज लावत असू. माझ्या भावाचे मोजे लहान. ते कोठेतरी दडून बसत आणि तो रडकुंडीला येई. मग अचानक एक मोजा काचेला चिकटून दिसे आणि तो टाळ्या पिटू लागे.

यंत्र काही वेळ एका दिशेने फिरे, क्षणभर थांबे आणि मग उलट्या दिशेने फिरू लागे. "असे का?" मी दुकान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सारखे एकाच बाजूला फिरवले, तर कपड्यांचा पीळ बसेल. मग तो सोडवत बसशील तू!" माझ्या मनात मात्र दुसराच विचार आला. घरी अम्मी मला उर्दू लिहायला शिकवी, ते उजवीकडून डावीकडे. शाळेत इंग्रजी लिहायची, ती डावीकडून उजवीकडे. मला वाटे, हे यंत्रही माझ्यासारखेच दोन्ही बाजूंनी चालते.

त्याच बाईंनी आम्हांला यंत्राचे आणखी एक गुपित सांगितले. पैसे वाचवण्यासाठी काही लोक यंत्रात कपडे कोंबून भरत. बाई त्यांना थांबवत. त्या म्हणत, "कपड्यांना पडायला जागा ठेवा. पडले नाहीत, तर ते स्वच्छ कसे होतील?" त्यांनी एक रिकामे यंत्र उघडून दाखवले. आतल्या पिंपाला सगळीकडे बारीक भोके होती आणि आतील बाजूस उंच पट्ट्या होत्या. पिंप फिरू लागले, की या पट्ट्या ओले कपडे वर उचलून नेतात. वर गेलेले कपडे आपल्याच वजनाने साबणाच्या पाण्यात आपटतात. पुन्हा वर जातात, पुन्हा आपटतात. साबण कपड्यांतील तेलकट मळ सोडवतो आणि या आपटण्याने तो मळ पाण्यात उतरतो.

हे ऐकून अम्मी म्हणाली, "म्हणजे हे यंत्र तेच करते, जे माझी आई दगडावर करते! ती कपडा वर उचलते आणि दगडावर आपटते."

नानीच्या गावच्या विहिरीपाशी धुण्याचा एक काळा दगड होता. नानी कपड्यांना साबण लावी, ते दगडावर आपटी, जाड गोधडी असली तर लाकडी धोपाटण्याने बडवी. मग कपडे दोन-तीन पाण्यांत खळबळून काढी आणि पिळून दोरीवर वाळत घाली. भिजवणे, आपटणे, खळबळणे आणि पिळणे, ही चारही कामे यंत्र त्याच क्रमाने करीत होते.

पिळण्याची रीत मात्र यंत्राची स्वतःची होती. शेवटी पिंप इतक्या वेगाने फिरे, की कपडे वेगळे दिसतच नसत. ते पिंपाच्या भिंतीला चिकटून बसत आणि मधोमध पोकळी दिसे. ओली छत्री गरगर फिरवली, तर पाण्याचे थेंब दूर उडतात, हे तुम्ही बघितले असेल. येथेही तसेच घडते. पिंपाची भिंत कपड्यांना अडवते. पण भोकांपाशी पाण्याला अडवणारे काही नसते. म्हणून पाणी भोकांतून बाहेर उडून जाते. दुकानात कपडे सुकवायची वेगळी यंत्रेही होती. त्यांत गरम हवा खेळे. सुकलेली चादर बाहेर काढली, की भाऊ तिच्यात तोंड लपवी. कडाक्याच्या थंडीत त्याला ती ऊब सोडवत नसे.

आम्ही खिडकीकडे बघत असू, तेव्हा अम्मी काय करी? ती पत्र लिही. पोस्टातून आणलेले निळे हवाई पत्र ती पिशवीतून काढी. ते पत्र म्हणजे एकच कागद. त्याच्यावरच मजकूर लिहायचा आणि घडी घालून त्याचेच पाकीट करायचे. अम्मी ते मांडीवर ठेवून नानीला उर्दूत लिही. भावाला पहिला दात कधी आला, मला शाळेत काय शिकवतात, इथे बर्फ कसा पडतो, असे सारे ती बारीक अक्षरांत लिहून काढी. कागदाची कडदेखील कोरी ठेवत नसे. शेजारी बसलेल्या बायका ते बघत. "तुम्ही शेवटापासून लिहिता का?" असे एकीने विचारले, तेव्हा अम्मी हसली. लंडनमध्ये आल्यापासून ती परक्या माणसांसमोर अशी मोकळेपणाने हसलेली मी प्रथमच पाहिली. मग तिने त्या बाईचे नाव उर्दूत लिहून दाखवले. पुढच्या शनिवारी आणखी दोघीजणी आपापले नाव लिहून घ्यायला आल्या.

आठवड्यातील बाकीचे सगळे तास घरातल्या माणसांचे होते. शनिवारचा हा एक तास अम्मीचा होता.

पण हा तासही एकदा हातचा गेला. १९७३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये तेलाची टंचाई निर्माण झाली होती. त्यातच कोळशाच्या खाणींतील कामगारांचे आंदोलन चालू होते. कोळसा कमी, म्हणून वीज कमी. सरकारने १ जानेवारी १९७४ पासून बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज वापरण्याची परवानगी दिली. ही स्थिती मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली. अब्बांचा कारखाना तीन दिवस चाले आणि चार दिवस बंद असे. साहजिकच पगारही कमी झाला.

अम्मीने कोणाला न विचारता खर्चाला कात्री लावली. पहिल्या शनिवारी ती म्हणाली, "आज दुकानात जायचे नाही." तिने बाह्या वर केल्या आणि टबात कपडे भिजवले. खोलीत पुन्हा दोऱ्या बांधल्या गेल्या. पुन्हा भिंतींना ओल आली. अम्मीच्या हातांना पुन्हा भेगा पडल्या. ती कुरकुरली नाही. पण तिचे बोलणे कमी झाले.

पाच-सहा आठवडे असेच गेले. एके दिवशी नानीचे पत्र आले. अब्बांनी ते मोठ्याने वाचले. नानीने विचारले होते, 'महिना झाला, तुझी चिठ्ठी नाही. सर्वांची तब्येत बरी आहे ना? काही लपवत तर नाहीस ना?'

अब्बांना आश्चर्य वाटले. ते म्हणाले, "तू चिठ्ठी का लिहिली नाहीस?"

अम्मी टबावर वाकली होती. तिने मागे न बघताच म्हटले, "केव्हा लिहू?"

अब्बा काही बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारी त्यांनी अम्मीला बाजूला केले आणि स्वतः कपडे धुवायला बसले. बोटीवर ते स्वतःचे कपडे स्वतः धूत असत, त्यामुळे हे काम आपल्याला सहज जमेल असे त्यांना वाटले. पण एका माणसाचे दोन कपडे वेगळे आणि चार माणसांचे आठवड्याचे धुणे वेगळे. जाड चादर पाण्यात भिजली, की ती उचलणेही जड जाते. ती पिळायला मला एक टोक धरावे लागले. सकाळी सुरू केलेले काम दुपार उलटली तरी संपले नाही. संध्याकाळी अब्बा कंबर धरून खाटेवर बसले. त्यांनी आपले लाल झालेले तळवे बघितले, मग अम्मीच्या हातांकडे बघितले.

सोमवारपासून ते कारखान्यात पायी जाऊ लागले. शुक्रवारी रात्री त्यांनी खिशातून नाणी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडली. बसचे वाचलेले पैसे होते ते.

अम्मी म्हणाली, "कपडे मी घरी धुते आहे ना? कशाला हा खर्च?"

अब्बा म्हणाले, "हे पैसे कपड्यांसाठी नाहीत. तुझ्या चिठ्ठीसाठी आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघेही दुकानात गेलो. मी नाणी लावून पट्टी ढकलली. अम्मीने पिशवीतून हवाई पत्र काढले आणि ती लिहू लागली. अब्बा आमच्याशेजारी बसून मोज्यांची पैज लावू लागले. कपडे सुकल्यावर त्यांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून चादरींच्या घड्या घातल्या. अम्मीला उठावे लागले नाही. त्या दिवशी तिने दोन पत्रे लिहिली.

१९७९ साली आम्ही मुंबईला परत आलो. काही दिवसांनी अब्बा आम्हांला महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावर घेऊन गेले. तेथून खालचा प्रसिद्ध धोबीघाट दिसतो. ब्रिटिशांच्या काळात बांधलेला हा घाट म्हणजे ओळीने मांडलेले हौद. प्रत्येक हौदात कपडे आपटण्यासाठी दगड. परीट मंडळी गुडघाभर पाण्यात उभी राहून कपडे आपटत होती. वर दोऱ्यांवर शेकडो चादरी आणि सदरे वाळत होते. लंडनमध्ये मी काचेतून जे आपटणे बघितले होते, तेच येथे उघड्यावर चालले होते. फरक एवढाच, की येथे ते काम माणसांचे हात आणि पाठी करीत होत्या. इस्पितळे, हॉटेले आणि घरे यांचे कपडे तेथून स्वच्छ होऊन जात. ते वापरणाऱ्यांपैकी किती जणांना या हातांची आठवण येत असेल? अलीकडे या घाटावरही मोठी धुलाईयंत्रे आली आहेत. पण हाताने धुणे अजून पूर्ण थांबलेले नाही.

यंत्राकडे बघत बसण्याची अशीच एक आठवण स्वीडन देशातील हान्स रोसलिंग या विद्वानाने २०१० साली आपल्या एका भाषणात सांगितली होती. ते चार वर्षांचे असताना त्यांच्या घरी पहिले धुलाईयंत्र आले. ते बघायला त्यांच्या आजीला बोलावले होते. आजीने आयुष्यभर चुलीवर पाणी तापवून सात मुलांचे कपडे हातांनी धुतले होते. यंत्राचे बटण मीच दाबणार, असा तिने हट्ट धरला. मग ती यंत्रासमोर बसून राहिली आणि धुणे पूर्ण होईपर्यंत बघत राहिली. रोसलिंग यांची आई मात्र त्यांना घेऊन वाचनालयात गेली. यंत्राने वाचवलेल्या वेळात ती मुलाला पुस्तके वाचून दाखवू लागली आणि स्वतः इंग्रजी शिकली. याच भाषणात रोसलिंग यांनी आपला एक अंदाज सांगितला. जगातील सुमारे ७०० कोटी लोकांपैकी केवळ २०० कोटी लोकांच्या घरी धुलाईयंत्राची सोय होती. उरलेल्या ५०० कोटी लोकांचे कपडे हातांनीच धुतले जात होते आणि हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करीत होत्या.

स्वीडनमधील त्या आईला पुस्तके मिळाली, माझ्या अम्मीला नानीची पत्रे मिळाली. यंत्र कपडे तर धुतेच. पण त्याची खरी कमाई म्हणजे वाचलेला वेळ. हा वेळ कोणाच्या वाट्याला येतो, हे मात्र यंत्र ठरवत नाही, घरातली माणसे ठरवतात. घरात यंत्र आले आणि वाचलेल्या वेळात आईवर दुसरी चार कामे येऊन पडली, तर तिला काय मिळाले? उलट, घरात यंत्र नसले, तरी दोन हात मदतीला आले, तर तिला अर्ध्या तासाची उसंत नक्की मिळू शकते.

इंग्लंडमध्ये पुढे घरोघरी धुलाईयंत्रे आली आणि नाण्यांवर चालणारी बरीच दुकाने बंद झाली. जी उरली आहेत, तेथे आजही लोक गाठोडी घेऊन येतात. आपल्याकडे कोठे घरात यंत्र आहे, कोठे मोरीतला दगड आहे, तर कोठे नदीचा काठ आहे. तुमच्या घरी धुणे कोण धुते? त्या कामाला किती वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून बघा. मग बादली उचलायला, चादरीचे एक टोक धरायला आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला पुढे व्हा. तुमच्या मदतीने जो वेळ वाचेल, तो ज्यांचा आहे त्यांनाच मिळू द्या.

शब्दार्थ

गाठोडे – कपड्यात बांधलेले सामान, गठडी
मंदी – व्यापार व रोजगार कमी होण्याचा काळ
परवडणे – खर्च झेपणे
खलाशी – बोटीवर काम करणारा
ओल – ओलसरपणा, नमी
दरवळणे – वास सगळीकडे पसरणे
खाच – अरुंद फट
पीळ – वळसा, गुंता
धोपाटणे – कपडे बडवण्याचे लाकडी साधन
खळबळणे – स्वच्छ पाण्यात हलवून साबण काढणे
टंचाई – कमतरता
परीट – धोबी
उसंत – फुरसत, मोकळा वेळ
मोरी – घरात धुण्या-भांड्यांसाठी केलेली जागा

वाक्प्रचार

खर्चाला कात्री लावणे – खर्च कमी करणे
रडकुंडीला येणे – रडण्याच्या बेतात येणे
हातचा जाणे – मिळालेली गोष्ट गमावली जाणे
हट्ट धरणे – एखाद्या गोष्टीसाठी अडून बसणे

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लेखिकेचे मूळ गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?
(२) लंडनमध्ये पहिले लाँड्रेट कोणत्या साली उघडले?
(३) यंत्राच्या दाराला भावंडे काय म्हणत?
(४) अब्बा कारखान्यात पायी का जाऊ लागले?
(५) मुंबईचा प्रसिद्ध धोबीघाट कोणत्या स्टेशनजवळ आहे?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) थंडीत घरी कपडे धुताना कोणत्या अडचणी येत?
(२) यंत्रात कपडे कोंबून का भरू नयेत?
(३) यंत्र कपड्यांतील पाणी कसे काढते?
(४) नानीने पत्रात काय विचारले होते?

प्रश्न ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'हे पैसे कपड्यांसाठी नाहीत. तुझ्या चिठ्ठीसाठी आहेत,' असे अब्बा का म्हणाले?
(२) 'शनिवारचा हा एक तास अम्मीचा होता,' हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्रश्न ४. कोण, कोणास म्हणाले?
(१) "कपड्यांना पडायला जागा ठेवा."
(२) "केव्हा लिहू?"
(३) "तुम्ही शेवटापासून लिहिता का?"

प्रश्न ५. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(१) ओली ........ गरगर फिरवली, तर पाण्याचे थेंब दूर उडतात.
(२) भिजवणे, आपटणे, ........ आणि पिळणे, ही चारही कामे यंत्र करीत होते.
(३) रोसलिंग यांची आई त्यांना घेऊन ........ गेली.

प्रश्न ६. व्याकरण
'अम्मी पत्र लिही', 'आम्ही खिडकीकडे बघत असू' या वाक्यांतून भूतकाळात नेहमी घडणारी क्रिया कळते. अशा काळाला रीती भूतकाळ म्हणतात. पाठातून अशी पाच वाक्ये शोधून लिहा.

उपक्रम
(१) तुमच्या घरी आठवडाभर धुण्याच्या कामाला लागणारा वेळ लिहून ठेवा. तुम्ही मदत केल्यावर किती वेळ वाचला, तेही लिहा.
(२) पूर्वी कपडे कशाने व कसे धूत असत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहा.